बर्फ वितळायच्या आत

मागच्या आठवड्यात एका जुन्या वर्गमित्राचा फोन आला. तो कामाशिवाय फोन करत नाही, त्यामुळे ख्यालीखुशालीत वेळ गेला नाही. "अगं, एका मोठ्या शहरात सरकारी पैशातून आणखी एक संशोधन विद्यापीठ काढायचं चाललंय. मी समितीवर आहे. तिथे आधीच तीन आहेत. चौथ्याने शहराचा फायदा होईल का? तुझं मत हवंय." मी म्हटलं, विचार करून सांगते. "विचार आम्ही केलाय, तू मत सांग," म्हणाला. समित्यांचं असंच असतं.

फोन ठेवला आणि मत सुचायच्या आधी थर्माकोलचा एक खोका आठवला.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या विद्यापीठातला मास स्पेक्ट्रोमीटर बंद पडला. रेणूंचं वजन करणारा अतिशय नाजूक तराजू म्हणा हवं तर. त्याचा एक सुटा भाग बाहेरून यायचा होता आणि त्याची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर रांगत होती. अकरा महिने रांगली. त्याच शहरात, बसने सव्वा तासावर, दुसरं सरकारी विद्यापीठ होतं. त्यांचं मशीन चालू होतं आणि गुरुवारी दुपारी ते बाहेरच्यांना वापरायला द्यायचे. म्हणून दर गुरुवारी मी खोक्यात बर्फाचा चुरा भरायची, त्यात बोटाच्या पेराएवढ्या एपेनडॉर्फच्या नळ्या खोचायची, झाकणाला चिकटपट्टी मारायची आणि बसमध्ये चढायची. खोक्याला एका कोपऱ्यात चीर होती. दोन थांबे गेले की तिथून पाणी ठिबकायला लागायचं, बहुतेक वेळा शेजारच्याच्या चपलेवर. नळ्यांवर मार्करने लिहिलेलं ओल्या बोटांनी पुसलं जातं हे पहिल्याच फेरीत कळलं. मग मी झाकणांवर सुईने आकडे कोरायला लागले.

फाटकावरचे रखवालदार खोक्याकडे बघून विचारायचे, "यात काय आहे?"

"प्रोटीन."

"जिमवाले पितात ते?"

"तेच, पण फार थोडं."

नोंदवहीत 'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी 'तपासणी' लिहायची. बरेच दिवस त्यांना मी रक्तपेढीची वाटत होते, त्यामुळे रांगेत उभं राहावं लागायचं नाही. मीही गैरसमज दूर केला नाही.

तिथलं मशीन जे काका सांभाळायचे त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी ते माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत थांबले. आलेखात आमच्या प्रथिनाचं मुख्य शिखर होतं आणि त्याच्या उजवीकडे, २२ एककांनी जड, एक छोटं शिखर. या छोट्या शिखरावर आमच्या लॅबचा फार जीव होता. आमच्या जुन्या मशीनवर ते पुसट, नुसत्या फुगवट्यासारखं दिसायचं, आणि प्रथिनात होणारा हा काहीतरी नवाच बदल आहे असं आमच्या गाईडना दोन वर्षं वाटत होतं. एका शोधनिबंधाचा मसुदा त्यावर बेतलेला होता. काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "सोडियम आहे हे पोरी. मीठ. सॅम्पल नीट धुतलेलं नाही. हे बघ, २२, मग ४४, मग ६६. जिन्याच्या पायऱ्या दिसतायत ना?"

दिसत होत्या. दिसल्यावर तर दुसरं काहीच दिसेना.

आमच्या लॅबमध्ये हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण प्रथिन ज्यात ठेवायचं ते द्रावण, म्हणजे बफर, सगळे एकाच रीतीने बनवायचे. मला आधीच्या मुलीने शिकवलं होतं, तिला तिच्या आधीच्याने. घरात राहणाऱ्याला घराचा वास येत नाही. गाईड माझ्याशी तीन आठवडे कामापुरतंच बोलले. पुढे त्यांनीच त्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेला सह-मार्गदर्शक म्हणून घ्यायचं सुचवलं, हेही सांगायला हवं.

तर मित्राच्या प्रश्नाकडे मी या खोक्यातून बघते. तो पूर्वग्रह आहे, मान्य.

'विद्यापीठ' हा शब्द आपण फार सैल वापरतो. १८३६ मध्ये लंडन विद्यापीठ स्थापन झालं ते शिकवण्यासाठी नव्हे, परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. शिकवायचं काम कॉलेजांचं. १८५७ मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रासला जी विद्यापीठं निघाली ती याच नमुन्यावर. अशा विद्यापीठाची गरज मोजणं सोपं आहे: परीक्षार्थी वाढले की कचेरी वाढवा. बर्लिनमध्ये १८१० साली विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने ज्या विद्यापीठाचा पाया घातला त्याची कल्पना निराळी होती. शिकवणारा स्वतः शोध घेत असला पाहिजे आणि विद्यार्थ्यानेही त्या शोधात सामील व्हायला हवं. इथे गरज कशी मोजायची? परीक्षार्थी मोजता येतात. अजून न पडलेले प्रश्न कसे मोजणार?

अर्थशास्त्रज्ञांनी अर्थात मोजायचा प्रयत्न केलाय. अ‍ॅना व्हॅलेरो आणि जॉन व्हॅन रीनन यांनी ७८ देशांतली सुमारे १५,००० विद्यापीठं तपासली. एखाद्या प्रदेशातली विद्यापीठांची संख्या १० टक्क्यांनी वाढली की पुढे तिथलं दरडोई उत्पन्न सुमारे ०.४ टक्क्याने जास्त दिसतं, असा त्यांचा निष्कर्ष. समितीच्या अहवालात हा आकडा पहिल्या पानावर येणार, पैजेवर सांगते. पण ही सरासरी आहे, आणि तीही सगळ्या तऱ्हेच्या प्रदेशांची. कोरड्या गावातली पहिली विहीर आणि चार विहिरींच्या गावातली पाचवी, दोन्हींची सरासरी काढून पाचवी खणायची की नाही हे कसं ठरवणार?

त्याहून मला मायकेल अँड्र्यूज यांनी लढवलेली युक्ती आवडते. अमेरिकेत पूर्वी नवं कॉलेज कुठे काढायचं यावरून गावागावांत चुरस असायची. त्यांनी कॉलेज मिळालेली गावं घेतली आणि शेवटच्या फेरीत हुकलेली गावं शेजारी ठेवली. कॉलेज मिळालेल्या ठिकाणी पेटंटं वाढली हे खरं, पण त्या जास्तीच्या पेटंटांत कॉलेजच्या प्राध्यापकांचा नि माजी विद्यार्थ्यांचा वाटा थोडाच निघाला. बरीचशी वाढ गावात माणसं येऊन राहिली म्हणून झालेली. आता मोठ्या शहरात माणसं आधीच येत असतात. त्यांना बोलवायला विद्यापीठ कशाला?

इथवर वाचून मी विरोधात आहे असं वाटेल. थांबा जरा.

दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिन चार देशांच्या सैन्यांत वाटलं गेलं आणि हुम्बोल्टचं जुनं विद्यापीठ सोव्हिएत विभागात गेलं. १९४८ च्या वसंतात तिथल्या तीन विद्यार्थ्यांना त्यांच्या लिखाणावरून काढून टाकलं. ते आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले बाकीचे विद्यार्थी-प्राध्यापक शहराच्या पश्चिम भागात गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे 'मुक्त विद्यापीठ' सुरू झालं. डाहलेम नावाच्या उपनगरातले बंगले आणि जुन्या संशोधन संस्थांच्या इमारती, एवढ्यावर. कुठल्या समितीने गरजेचा अभ्यास केला नव्हता. एका दाराने माणसं बाहेर ढकलली म्हणून त्याच शहरात दुसरं दार उघडलं. त्या क्षणी शहराला दुसरं विद्यापीठ हवं का, असं कुणी विचारलं असतं तर तो प्रश्न वेडगळच वाटला असता.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९० मध्ये जर्मनी एक झाली आणि एका शहराच्या तिजोरीवर दोन्ही बाजूंचा सगळा संसार आला: तीन मोठी विद्यापीठं, आणि जाता जाता सांगते, तीन ऑपेरागृहंसुद्धा. नव्वदच्या दशकात पैसे आटले. प्राध्यापकांच्या जागा कापल्या गेल्या, पुढे २००३ मध्ये दोन विद्यापीठांची वैद्यकशास्त्रं एकत्र करून एकाच शारिटे रुग्णालयाखाली आणली. आणि मग २०१९ मध्ये हीच विद्यापीठं शारिटेला बरोबर घेऊन एकत्र स्पर्धेत उतरली आणि उत्कृष्टतेचं सरकारी अनुदान जिंकून आली. म्हणजे एकाच शहराने सत्तर वर्षांत दार उघडलं, खर्च परवडेना म्हणून खोल्या कमी केल्या, आणि शेवटी मधल्या भिंतीला एक दरवाजा पाडला. यातून 'फायदा होतो' की 'होत नाही'? मित्राला मी हेच विचारणार आहे.

मेलबर्नचं बघा. १८५३ पासून शंभर वर्षं तिथे एकच विद्यापीठ. मुलं मावेनात म्हणून १९५८ मध्ये कायद्याने मोनॅश काढलं, शहराच्या दूरच्या कडेला, अपस्माराच्या रुग्णांसाठी असलेल्या एका जुन्या वसाहतीच्या जागेवर. रेल्वे स्थानक जवळ नाही, आजही उतरून बस धरावी लागते. (खोका घेऊन तिथे जाणाऱ्यांबद्दल मला विशेष सहानुभूती आहे.) जुन्या विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयातले डॉक्टर आणि मोनॅशचे कार्ल वुड यांचा गट, दोघेही टेस्ट ट्यूब बेबीच्या मागे लागले. आधी हातात हात घालून, नंतर वेगवेगळे. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातलं पहिलं असं बाळ जन्मलं ते जुन्या बाजूच्या रुग्णालयात. मोनॅशच्या अ‍ॅलन ट्राउन्सन आणि वुड यांनी दुसरी वाट धरली: स्त्रीबीजं वाढवण्यासाठी औषधं, मग भ्रूण गोठवून ठेवणं. गोठवलेल्या भ्रूणापासून जगातलं पहिलं बाळ १९८४ मध्ये त्यांच्याच कामातून जन्मलं. एकाच विद्यापीठात दोन गट असते तर? माझ्या अनुभवात एका छताखालचे दोन गट एका विषयावर फार काळ टिकत नाहीत. विभागप्रमुख दोघांना बोलावून 'एकत्र काम करा' म्हणतो आणि त्यातला एक हळूहळू गप्प होतो. वेगळं छत, वेगळा कुलगुरू, वेगळं अनुदान असेल तरच भांडण इमानदारीत चालू राहतं.

सॅन डिएगोचं उदाहरण या विषयावर हमखास दिलं जातं आणि निम्मंच दिलं जातं. १९६० मध्ये तिथे कॅलिफोर्निया विद्यापीठाची नवी शाखा निघाली. शहरात सरकारी कॉलेज १८९७ पासून होतं. मग नवीन कशाला? त्याच साली राज्याने जो आराखडा केला त्यात कामं वाटून दिली होती: डॉक्टरेट आणि संशोधन मुख्यतः कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, राज्य कॉलेजांकडे अध्यापन. म्हणजे नवी संस्था जुनीची नक्कल नव्हती. अर्विन जेकब्स १९६६ मध्ये तिथे शिकवायला आले, १९६८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिंकाबिट नावाची छोटी कंपनी काढली, आणि १९८५ मध्ये त्यातल्याच काही जणांनी मोबाइलच्या चिपांसाठी ओळखली जाणारी क्वालकॉम. तिथल्याच आयव्हर रॉयस्टन यांनी १९७८ मध्ये हायब्रिटेक ही जैवतंत्रज्ञान कंपनी काढली. १९८६ मध्ये ती एका बड्या औषध कंपनीने घेतली आणि तिथली माणसं बाहेर पडून एकामागून एक जैवतंत्रज्ञान कंपन्या काढत सुटली. एवढी निम्मी गोष्ट. उरलेल्या निम्म्यात नौदल आहे, संरक्षण खात्याची कंत्राटं आहेत, विद्यापीठाच्या आधी अर्धं शतक तिथे चाललेली सागरविज्ञानाची स्क्रिप्स संस्था आहे. रिकाम्या माळावर बी टाकलं आणि जंगल उगवलं, असं झालेलं नाही.

आणखी एक तुकडा आहे, तो अहवालांत क्वचित येतो. ज्या ला होया भागात विद्यापीठ व्हायचं होतं तिथे ज्यूंना घर विकायचं नाही असा अलिखित करार होता. स्क्रिप्सचे संचालक रॉजर रेव्हेल यांनी तिथल्या घरविक्रीच्या दलालांना सरळ बजावलं, की विद्यापीठ हवं असेल तर ज्यू प्राध्यापकही येतील, दोन्हींतलं काय ते निवडा. विद्यापीठ आलं आणि तो करार मोडीत निघाला. जेकब्स स्वतः ज्यू. मला हा फायदा त्या चिपांपेक्षा मोठा वाटतो, पण तो कुठल्या रकान्यात लिहायचा?

हाँगकाँगने तिसरं विद्यापीठ, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं, १९९१ मध्ये सुरू केलं. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या डोंगरावर. खर्च अंदाजाबाहेर गेला म्हणून त्यावर बरीच ओरड झाली. तिथल्या वांग ताओ नावाच्या विद्यार्थ्याने वसतिगृहात बसून उडत्या यंत्राचं नियंत्रण जमवायला घेतलं. २००६ मध्ये त्याने डीजेआय काढली. आज ड्रोन म्हटलं की तीच कंपनी आठवते. पण ती निघाली कुठे? हद्दीपलीकडे, शेन्झेनला. कारण सुटे भाग, कारागीर, कारखाने सगळं तिकडे. विद्यापीठ एका शहराने पोसलं आणि कारखाना दुसऱ्याला मिळाला. यावर हाँगकाँगच्या करदात्याने काय म्हणावं? शेन्झेन मात्र तेवढ्यावर थांबलं नाही. त्यांनी स्वतःची संशोधन विद्यापीठंही काढली.

म्हणजे 'शहराचा फायदा' म्हणताना शहर म्हणजे कोण, हे आधी ठरवायला हवं. महापालिका? कारखानदार? शेजारचं गाव? की ज्याला दुसरीकडे प्रवेश मिळाला नसता असा कुणी? बोस्टनच्या पंचक्रोशीत नामांकित खासगी विद्यापीठांची काय कमतरता होती, तरी १९६४ मध्ये तिथे सरकारी विद्यापीठ काढावं लागलं, कारण शहरातल्या कष्टकऱ्यांच्या मुलांना घरी राहून, नोकरी करून, परवडेल असं शिकायला जागा नव्हती. हेतू सोन्यासारखा. १९७४ मध्ये त्याला कायमची जागा मिळाली ती जुन्या कचऱ्याच्या भरावावर. सगळ्या इमारतींच्या पोटात एक भलंमोठं वाहनतळ बांधलं. त्या कामाच्या कंत्राटात राज्याच्या दोन सिनेटरांना खंडणीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, आणि काँक्रीट असं खचत गेलं की २००६ मध्ये ते वाहनतळ बंद करावं लागलं. नवं विद्यापीठ म्हणजे मुळात मोठं बांधकाम असतं, हे विसरू नये. बांधकामात रस असणारी माणसं संशोधनात रस असणाऱ्यांच्या बरीच आधी हजर होतात.

इमारत उठते तीन वर्षांत. लॅब उभी राहायला दहा लागतात, विभागाला स्वतःचा स्वभाव यायला वीस. दरम्यान जुन्या विद्यापीठांचं काय होतं हे मी आतून पाहिलंय. पैशाचा हंडा तोच, ओगराळी वाढतात. जुन्या ठिकाणची दहा चांगली माणसं नव्या ठिकाणी जातात, नव्याच्या माहितीपत्रकात त्यांचे फोटो येतात, जुन्यातल्या जागा 'भरती प्रक्रियेत' म्हणून रिकाम्या राहतात. शहरात माणसं तेवढीच, पाट्या वाढल्या.

तरीही मला ते दुसरं विद्यापीठ नसतं तर काय झालं असतं, हा विचार करवत नाही. आमच्या बॅचच्या एका मैत्रिणीचं गाईडशी पटेना. लहान शहरात तिने एकतर निमूट सोसलं असतं किंवा पीएचडी सोडली असती. ती बसने दुसऱ्या विद्यापीठात गेली, दोन वर्षं उशिरा का होईना डॉक्टरेट झाली. दुसरं एक जोडपं: दोघंही संशोधक, तो सांख्यिकीत, ती वनस्पतिशास्त्रात. एकाच विद्यापीठात एकाच वेळी दोन जागा निघणं म्हणजे ग्रहणयोगच. तिला एकात, त्याला दुसऱ्यात जागा मिळाली आणि दोघं त्याच शहरात राहिली. नसती मिळाली तर एकाने काम सोडलं असतं, आणि कुणी सोडलं असतं हे सांगायला सांख्यिकी लागत नाही.

हे सगळं मी काल मित्राला फोनवर सांगितलं. बरंच सांगितलं. तो मध्ये दोनदा "हं" म्हणाला.

"मग बाजूने लिहू की विरोधात?"

"आधी दोन गोष्टी बघून सांग. तुमच्या आराखड्यात प्राध्यापकांची नवी पदं किती आहेत, म्हणजे जुन्यांतून वळवलेली सोडून? आणि जागा कुठे आहे, आधीच्या तीन विद्यापीठांपासून बसने किती वेळ लागतो?"

"बसने?"

"बसने. बर्फ दोन तास टिकतो."

"कसला बर्फ?" म्हणाला. मग म्हणाला, "थांब, आराखडा समोरच आहे. सभागृह बाराशे आसनांचं आहे, ते सापडलं. हेलिपॅड आहे. पदं..."

पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.